अंजूचा पहिला शब्द

"धरून उभी राह्यते?" शोभाताईंनी विचारलं.

"राह्यते. कालच कूलरले धरून उभी झाली," वच्छलाबाई म्हणाल्या.

"टाळी वाजवते?"

"वाजवते."

नालवाडीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात शोभाताई अंजूच्या जन्मापासून आरोग्य केंद्राच्या आशाताई म्हणून बाळाची नोंद घ्यायला येत होत्या. अंजूला आता अकरावा महिना लागला होता. मान धरली, पालथी पडली, बसली, रांगली, सगळं वेळच्या वेळी. दर वेळी उत्तरं आजीच द्यायची, कारण अंजूचे आईवडील, मोहिनी आणि योगेंद्र, दोघंही जन्मापासून बहिरे. योगेंद्र छापखान्यात कामाला होता. अंजूला मात्र ऐकू येतं, हे पहिल्याच महिन्यात दवाखान्यातल्या तपासणीत कळलं होतं. लेकीच्या बाळंतपणासाठी हिंगणीहून आलेल्या वच्छलाबाई मग परत गेल्याच नाहीत. घरात बोलणारं कोणी नसेल तर पोरगी बोलायला शिकणार कोणाकडून, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्या दिवसभर तिच्याशी बोलत. तांदूळ निवडताना तांदळाबद्दल, खिडकीत चिमणी आली की चिमणीबद्दल. मूळच्या त्या अबोल. संध्याकाळपर्यंत घसा दुखायला लागायचा.

"एखादा शब्द बोलते का? अर्थ समजून?"

"बाबाबा करते. पण शब्द नाई. इतकी बोलते मी तिच्यासंग, तरी काऊन बोलत नसन?"

"बोलन ना, मावशी. वर्षाच्या आसपास बोलतात लेकरं."

"मोहिनीच्या वक्ती बी लोक असंच म्हणत."

मोहिनीला ऐकू येत नाही हे ती अडीच वर्षांची झाल्यावर कळलं होतं. सहाव्या वर्षी तिला नागपूरच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेच्या वसतिगृहात ठेवलं. सुट्टीत घरी आली की ती हातांनी भराभर बोलायची. लोक बघतात म्हणून वच्छलाबाई तिचे हात खाली करायच्या. जेव, झोप, चल, एवढ्याच खुणा मायलेकींत राहिल्या. बाकीचं मोहिनी ओठांवरून ओळखायची.

मोहिनी चहा घेऊन बाहेर आली. आईला पाहताच आजीच्या मांडीवरच्या अंजूनं हात पुढे केला आणि मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मोहिनीनं कप खाली ठेवले, तशीच मूठ उघडझाप करून दाखवली आणि तिला पाजायला घेतलं.

"हे काय केलं तिनं?" शोभाताईंनी विचारलं.

"खेळते तशी. आठ दिवस झाले, मूठच हालवून राह्यली."

"तुमच्याजवळ करते?"

"नाई. माह्याजवळ तं नुसती रडते."

शोभाताईंनी मोहिनीकडे पाहून तशीच मूठ उघडली, मिटली आणि भुवया उंचावल्या. मोहिनीनं त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि अंजूच्या नोंदीच्या कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'दूध'.

शोभाताईंनी ते वाचून दाखवलं.

वच्छलाबाई पिणाऱ्या नातीकडे पाहत राहिल्या. इतके महिने त्या घसा कोरडा करत होत्या, आणि पोर भलतीकडूनच शिकली होती. त्यांना जरा राग आला. कोणाचा, ते कळेना.

"मंग काय लिहू, मावशी?"

वच्छलाबाईंनी कप उचलून अर्धा चहा संपवला. मग म्हणाल्या, "लिहा, शब्द बोलते. दूध म्हणते."

शोभाताई गेल्या. अंजू झोपली. वच्छलाबाई लेकीच्या समोर येऊन बसल्या आणि तिला ओठ नीट दिसावेत म्हणून सावकाश म्हणाल्या, "मले शिकव. अंजू तुले आई कशी म्हणन?"

मोहिनीनं तर्जनी उचलली आणि नाकाच्या बाजूला, चमकी घालतात तिथं टेकवली.

ही खूण वच्छलाबाईंनी पाहिलेली होती. वसतिगृहाच्या फाटकाशी, दर वेळी. एसटीची वेळ झाली, त्या निघाल्या, की सहा-सात वर्षांची मोहिनी त्यांच्याकडे बघून नाकाला बोट लावायची. पुन्हा लावायची, पुन्हा. आणि त्या परत फिरून पदरानं तिचं नाक पुसून द्यायच्या.

वच्छलाबाईंनी आपलं बोट नाकाला लावलं. ते जरा वर लागलं होतं. मोहिनीनं धरून बरोबर जागेवर आणलं.