आत्याच्या खाटेवरचे काचेचे कौल

मित्रांनो, मी एक जुने काचेचे कौल आहे. मातीची कौले भट्टीत भाजून निघतात, मी साच्यात ओतले गेले. छपरावरच्या लाल भावंडांमध्ये आरपार दिसणारे मी एकटेच, त्यामुळे जरा तोऱ्यातच असे.

माझ्याखाली एक बिनखिडकीची खोली होती. तिथे आत्या, म्हणजे घरमालकाची थोरली बहीण, खाटेला खिळलेली होती. माझ्यातून उतरणारा उन्हाचा चौकोन भिंतीवरून सरकत तिच्या उशीवर येई. मग ती हाक मारी, "वहिनी, ऊन उशीला लागलं. चहाचं बघतेस ना?"

"ताई, तुमचं ऊन एक दिवस तरी उशिरा येऊ दे," वहिनी हसून म्हणे.

पण माकडांनी घराला अगदी सळो की पळो करून सोडले. झाडावरून एक उडी पडली की चार कौले फुटत. काटेरी फांद्या पसरून झाल्या, डबे वाजवून झाले. कारागीर नवी कौले बसवून पाठ फिरवतो न फिरवतो तोच पुन्हा धाडधाड सुरू. एकदा पावसात आत्याचे अंथरूण भिजले आणि भावाचा धीर सुटला.

"सगळं काढ. पत्रे घाल," तो कारागिराला म्हणाला.

"काचेचं कौल होतं तिथं पारदर्शक पत्रा टाकू का?"

"नको. माकडं आधी तोच फोडतील. ताईला मोठा दिवा लावून देतो."

"माझ्यासाठी अडू नका रे," आत्या खालून म्हणाली. तिचा आवाज मला नेहमीपेक्षा बारीक वाटला.

पत्रे चढले. माकडे आदळआपट करून निघून जात, थेंबभरही गळत नसे. कारागिराचे सगळ्यांनी कौतुक केले. मला मोरीमागे टेकवून ठेवले. तिथे आत्याची हाक ऐकू येई. "उजाडलं का गं?" भर दुपारीही ती तेच विचारी. पुढे तिने विचारणेच सोडले. चहा तसाच गार होऊ लागला. थंडीत ती गेली.

परवा भाऊ तिच्या खोलीतला दिवा काढायला गेला. दमून खाटेवर आडवा झाला असावा, कारण ती ओळखीची करकर मला ऐकू आली. बराच वेळ तो उठला नाही. मग मोरीमागे येऊन त्याने मला उचलले, सदऱ्याने पुसले आणि उन्हात धरले. पत्र्यात मला जागा नव्हती. त्याने मला होते तिथेच ठेवले.

मित्रांनो, छप्पर जरूर राखा. माकडांची बाजू मी घेणार नाही, त्यांनी माझी कितीतरी भावंडे फोडली. पण शिडी लावण्याआधी, खाली जी खाट आहे तिच्यावर एकदा पाठ टेका आणि वर बघा.