तेरावी चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना कॉफीचा डबा आहे. पत्र्याचा, लाल रंगाचा. आता झाकण नीट बसत नाही आणि तळाला गंज चढला आहे. अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या एका लहानशा न्यायालयात, ज्युरीच्या खोलीत माझे आयुष्य गेले. कॉफी संपली तेव्हा मी कचऱ्यातच जाणार होतो. पण ऑर्विल हॉगन नावाच्या बेलिफाने मला धुतले, पुसले आणि टेबलावर ठेवले. "चिठ्ठ्या टाकायला बरा आहे," तो म्हणाला. नोकरी लागल्यासारखा आनंद झाला मला!

आमच्याकडे खटल्याचा निकाल बारा साधी माणसे, म्हणजे ज्युरी, देतात. कुणी शेतकरी, कुणी शिंपीण, कुणी दूधवाला. न्यायाधीश त्यांना बजावतात, की गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोषच, आणि मनात वाजवी शंका उरली तर त्याला सोडून द्या. मग त्यांना खोलीत बसवून बेलिफ बाहेरून दार लावतो. बाराही जणांचे एकमत व्हावे लागते. प्रत्येक जण आपले मत लिहून चिठ्ठी माझ्या पोटात टाकतो. मोजणी झाली, की चिठ्ठ्या शेगडीत जाळतात, म्हणजे कुणाचे मत काय ते कुणाला कळत नाही.

एकोणीसशे एकतीस साली एमिल कोस्की या शेतमजुराचा खटला आला. मालकाचा गोठा पेटवला, त्यात मालक मेला, असा आरोप होता. पहिल्या फेरीत अकरा चिठ्ठ्या 'दोषी' निघाल्या. एकच 'निर्दोष', जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेली. तशी पेन्सिल फक्त सेल्मा नायगार्डकडे होती. ती कपडे शिवायची, कापडावर खुणा करायची.

"आता कोण आडवं आलं? बाहेर बर्फ सुरू झालाय, गाईंच्या धारा काढायच्यात!" कुणीतरी खेकसले.

दुसऱ्या फेरीत सेल्माचा हात माझ्या काठाला लागला. चिठ्ठी सोडायला तिने वेळ लावला. बाराही चिठ्ठ्या 'दोषी' निघाल्या.

पुढे न्यायाधीशांनी रीतीप्रमाणे एकेकाला नाव घेऊन विचारले, हा तुमचाच निकाल ना? "सेल्माबाई इतकं हळू हो म्हणाल्या, की दोनदा विचारावं लागलं," ऑर्विल मागाहून सांगत होता. कोस्की तुरुंगात मेला. नंतर मालकाच्या भावाने मरताना कबूल केले, की गोठा त्यानेच पेटवला होता. सेल्मा पुन्हा कधी न्यायालयासमोरून गेली नाही. काही वर्षांनी तीही वारली.

मग बावन्न साल उजाडले. लोरेन फिस्क या शाळेतल्या स्वयंपाकिणीवर नवऱ्याच्या सुपात विष घातल्याचा आरोप होता. जानेवारीतल्या एका दुपारी शेजाऱ्याने तिला विष घालताना खिडकीतून पाहिले म्हणे. ज्युरी कोट चढवूनच बसली होती. प्रमुख होता धान्याचा व्यापारी क्लिफर्ड आमडाल. त्याने चिठ्ठ्या मोजल्या आणि त्याचा चेहरा उतरला.

"दोषी बारा. निर्दोष एक. ए, कुणी दोन टाकल्या?"

"शाळेत आकडे शिकला नाहीस का, क्लिफर्ड?" दूधवाला व्हर्नन हसला. बाकी कुणी हसले नाही.

दुसऱ्यांदा प्रत्येकाने सर्वांदेखत एकेक चिठ्ठी टाकली. माझ्यात बाराच पडल्या, मी शपथेवर सांगतो. झाकण उघडले तेव्हा तेरा निघाल्या. तेराव्या चिठ्ठीची कड जळलेली होती आणि तिच्यावर जांभळ्या अक्षरात 'निर्दोष' लिहिले होते. खोलीत जळक्या कागदाचा वास सुटला. मित्रांनो, मी पत्र्याचा, पण मलाही भीती वाटली.

ज्युरीतल्या ग्लॅडिस टोफ्टेने चिठ्ठी हातात घेतली आणि उजेडात धरली.

"हे अक्षर मी ओळखते. माझ्या लग्नाच्या झग्याची मापं याच अक्षरात होती. सेल्माबाईंचं आहे हे."

मग व्हर्ननने कोट काढून खुर्चीवर टाकला.

"मला मघापासून शंका आहे. तुम्ही सगळे निघायच्या घाईत, म्हणून गप्प बसलो. अरे, जानेवारीत सूप उकळत असताना आपल्या काचा वाफेने पांढऱ्याफटक होतात. शेजाऱ्याला दिसलं काय, कपाळ?"

एकेक करत सगळे कोट उतरले. क्लिफर्डने ती साक्ष न्यायाधीशांकडून पुन्हा वाचून घेतली. शेजाऱ्याने बंद काचेतून पाहिले, असेच तिच्यात होते. संध्याकाळी शेवटची फेरी झाली. बाराच चिठ्ठ्या निघाल्या, सगळ्या 'निर्दोष'. लोरेन आपल्या पायांनी घरी गेली.

आता मी तळघरातल्या कपाटात पडून आहे. वर नवी पेटी आली आहे. मला कुणी पुसत नाही, याचे वाईट वाटते. पण आज सकाळी वर ज्युरीच्या खोलीचे दार लागल्याचा आवाज आला, आणि माझ्या रिकाम्या पोटात कागद सळसळला. वासही तोच आला. मी तर इथे खाली, कुलपात. ती चिठ्ठी वर कोण नेणार?

म्हणून हात जोडून सांगतो, मित्रांनो. शंका असेल तर बोला. जिवंत आहात तोवरच बोला.