श्रीधरपंतांचा नवा आवाज

मी बोलतोय, शब्द मात्र माझे नाहीत, श्रीधरपंतांचे आहेत. मी घशाला टेकवायचं, बॅटरीवर चालणारं, छोट्या टॉर्चएवढं यंत्र. बटण दाबलं की मी घरघरतो आणि ओठ हलतील तसे त्या घरघरीचे शब्द होतात.

नारायण पेठेतले श्रीधरपंत टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांना घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून स्वरयंत्र काढावं लागलं. ज्यांच्या जिभेला अख्खी गल्ली टरकून होती, ते गप्प झाले. शेजाऱ्यांनी आठवडाभर शांतता उपभोगली; मग त्यांनाच करमेना.

हिंजवडीच्या आयटी कंपनीतला त्यांचा मुलगा योगेश कामानिमित्त अमेरिकेला गेला, तेव्हा मला घेऊन आला. पंतांनी एकदाच लावून पाहिलं आणि मला कपाटात मोज्यांशेजारी टाकलं. बायकोला बोलवायचं तर टाळी वाजवायचे.

“अहो, मी काय कबूतर आहे?” प्रेमलाताई म्हणायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायच्या.

एके दिवशी मांजरी गावचे हिंमतराव आले. ऊसवाले शेतकरी, हॉस्पिटलात पंतांच्या शेजारच्या खाटेवर होते, ऑपरेशनही तेच. त्यांनी खिशातून माझाच एक भाऊबंद काढून गळ्याला लावला.

“पंत, मशीन कुठं हाय?”

पंतांनी मान फिरवली.

“आवाजाची लाज वाटती व्हय? आमची मंडळी म्हणली, रेडा वरडल्यागत वाटतंय. म्हणलं, आधी काय मी कोकिळा हुतो?”

प्रेमलाताईंनी मला कपाटातून काढलं. हिंमतरावांनी दोघांना रिक्षात घातलं आणि एका शाळेच्या वर्गात नेलं. असं ऑपरेशन झालेली माणसं तिथे रविवारी जमत. वर्गात भुंगे शिरल्यासारखी घरघर! ‘कसे आहात?’ असं कुणीच विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. कुणीतरी पंतांना चहा दिला. एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं आणि मला गळ्याला लावलं.

“हा चहा आहे, की काकवी?”

सगळे हसले. त्या हसण्याला आवाज नव्हता, खांदे तेवढे गदगदत होते. पंतांचेही. दाराशी उभ्या प्रेमलाताईंना मात्र हुंदका फुटला.

“प्रेमला, घरी जाऊन रड. इथे एवढा आवाज करणं शिष्टाचारात बसत नाही.”

आता माझ्या बटणाचा रंग उडालाय. पंत नव्या रुग्णांना भेटायला जातात, त्यांना बोलतं करतात, चुकलं तर टोमणे मारतात. स्वतःची तपासणी जवळ आली, की मात्र मला मुठीत धरून नुसते बसून राहतात. मग हिंमतरावांचा फोन येतो. रोग परतेल का, हे दोघांनाही ठाऊक नाही. म्हणून ते क्रिकेटवरून भांडतात.

तुम्हाला एकच विनंती. माझी घरघर कानावर आली तर दचकू नका, आणि कृपा करून ओरडून उत्तर देऊ नका. परवा पोस्टातले कारकून पंतांशी बेंबीच्या देठापासून बोलले. पंतांनी मला शांतपणे गळ्याला लावलं.

“हळू बोला साहेब. माझा आवाज गेलाय, कान शाबूत आहेत.”