हिरवे बटण

कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळून सावळाराम आबा सुतळीची गाठ मारत होते, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"आबा, त्याला थंडी वाजतीया व्हय?"

आबांच्या हातातून सुतळी सुटली. उत्कर्षा, त्यांची नात, बारामतीला इंजिनिअरिंगला होती आणि दर शनिवारी बावड्याला घरी यायची. पण ती दुपारच्या एसटीने. तोवर हे ओझे इंदापूरला अबरारच्या दुकानात नेऊन, नीट करून, मुकाट्याने जागेवर ठेवायचे असा आबांचा बेत होता; पण आज ती सकाळीच आली होती.

"पोरी, मी तुझं वाटोळं केलं," ते म्हणाले. "तुझा प्रोजेक्ट गेला बघ."

सोमवारी तो कॉलेजात दाखवायचा होता. तिच्याजवळ एक जुनी नक्कल होती खरी, पण त्यानंतरची सगळी मेहनत ह्याच डब्यात होती. पाठीवरची सॅक न उतरवताच ती खाली बसली.

"गेला म्हंजे? झालं काय?"

"अंधार झाला. अक्षरं बारीक दिसत हुती वाचताना. मोठी कराया गेलो आन पडदाच गेला."

यंत्र एकच, पण उत्कर्षाने त्यात दोन बिऱ्हाडे थाटली होती. आधीचे विंडोज होतेच. शेजारी तिने लिनक्स आणून बसवले. जुन्या डब्याला ते हलके पडे. चालू केले की यंत्र उंबऱ्यावरच विचारी, कुठल्या घरात जायचे? प्रोजेक्ट नव्या घरात होता, आणि आबांची वाचायची पुस्तकेही तिथेच.

"जुन्यात जाऊन बघितलं?"

"तितं लख्ख दिसतंय. नव्यात शिरलं की काळोख."

"मग पडदा शाबूत हाय. सोडा ती गोधडी. अबरारभाई गोधडीतला डबा बघून हसत सुटलं असतं."

तिने तारा जोडल्या. आबा तिकडे पाठ करून उंबऱ्यावर बसले. मागे कळफलक टकटकत होता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी तेवढ्या उमटत होत्या, आणि ती त्यांतून पडद्याची चुकीची मांडणी शोधून पुसत होती. मग यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला. आबांनी डोळे मिटून घेतले.

"या. तोंड बघा त्याचं."

पडद्यावर उजेड होता. कोपऱ्यात प्रोजेक्ट होता, आबांची पुस्तके होती.

"हाय की गं!" आबा म्हणाले, आणि पडद्यापुढे सरकून बसले.

"आता परत करून दाखवा."

"नगं बाई. मी हात न्हाय लावायचा आता."

"दाखवा. न्हायतर मी गेल्यावर डबा परत गोधडीत."

आबांनी भीत भीत पडद्याच्या मापांची यादी काढली आणि सकाळचेच माप निवडले. भप्पकन अंधार. त्यासरशी त्यांचे बोट एंटरवर गेले, तोच उत्कर्षाने मनगट धरले.

"हात काढा!"

"अगं पर अंधार..."

"अंधारात ते इचारतंय, हे असंच ठिवू का? तुमाला काय दिसत न्हाय, आन तुमी दणकून व्हय म्हणताय! सकाळी बी ह्येच केलं आसणार. गप बसा. काय सुदिक करू नका. कुणी व्हय म्हटलं न्हाय की घडीभरात ते आपसूक मागं येतं."

आबांनी हात मागे घेतला, पण बोट काही ऐकेना. गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर, मोटारीपाशी, त्या बोटाने सगळी नोकरी काढली होती. लाइट गेली की आबा स्टार्टरच्या हिरव्या बटणापाशी बोट धरून बसत. लाइट येताच दाबायचे. जरा उशीर झाला की वरच्या आळीच्या शिव्या. पुढे मोटार आपोआप चालू करणारा ऑटो स्टार्टर बसवला. त्या दिवशी लाइट आली, आबांचे बोट निघाले, आणि ते पोचायच्या आत मोटार आपली आपण गुरगुरायला लागली. पुन्हा त्यांना कोणी विहिरीवर बोलावले नाही. ऑटोचे नाव काढले की अजून ते विषय बदलत.

पडदा उजळला. सगळे होते तसे.

"आलं," आबा पुटपुटले. "न दाबताच आलं."

"मग? अक्षरं मोठी कराया दुसरी जागा हाय. पडद्याचं माप कशाला बदलायचं?" तिने दोन ठिकाणी टिचक्या मारल्या. अक्षरे हरभऱ्याएवढी झाली. "झालं? आता मी च्या टाकते."

ती आत गेली. आबा थोडा वेळ ती अक्षरे बघत बसले. मग त्यांनी दाराकडे एकदा पाहिले, ती यादी पुन्हा काढली आणि मुद्दाम तेच चुकीचे माप निवडले.

अंधार झाला. आबांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"आबा, परत घालवलं का काय?" आतून उत्कर्षा ओरडली.

"व्हय," आबा म्हणाले. "यील. तू च्या उकळू दे नीट."