बावीस दिवसांची हजेरी

हजेरी घेणं सुटून सहा वर्षं झाली. तरी सकाळी जाग येता येता तोंडातून आकडे निघतात आणि सतरावर कुणीतरी 'हजर' म्हणतं. आमचे हे म्हणतात, भास आहे. असेलही. आवाज मात्र तिचाच असतो.

मी नापासांचा वर्ग चालवायचे. पंच्याहत्तर टक्के हजेरी भरली नाही की नाव कापायचं, असा कॉलेजचा खाक्या. मी त्यातून पळवाट काढली होती. धडपडणारं पोर चार दिवस आलं नाही, तरी त्याच्यापुढे 'ह' लिहायचा. नाव टिकलं की पोर परत येतं, अशी माझी समजूत. बरीचशी यायचीही. 'मॅडमचं काळीज मोठं' असं कानावर आलं की मी हवेत असायचे.

सतरा नंबरला सगळे 'घड्याळ' म्हणायचे, इतकी ती वेळेवर यायची. गणितात दोनदा आपटलेली, तरी चिकाटी सोडत नव्हती. एका बुधवारी आली नाही. येईल उद्या, म्हणून मी 'ह' लिहिला. असे बावीस दिवस लिहिले. घरी एक फोन करावा, एवढं मला सुचलं नाही.

मग एका रविवारी तिची आई कॉलेजात आली. शिवणकाम करणारी बाई, गळ्यात टेप तशीच. मी पेपर तपासत होते. पोरगी काल रात्री घरी आलीच नव्हती. सोबतच्या हवालदाराने हजेरीपट उघडला. "काल वर्गात होती. म्हणजे इथूनच शोधायला लागू."

आई माझ्याकडे वळली. "काल कशी होती हो ती? काही बोलली का?"

खरं सांगितलं तर नोकरी जाणार होती. गप्प बसले तर ते तिला भलत्याच ठिकाणी शोधत बसणार होते.

"काल ती आली नव्हती," मी म्हटलं. "बावीस दिवस आलेली नाही. हजेरी मी लावत होते."

हवालदार लिहायचा थांबला. मला वाटलं, बाई माझ्या झिंज्या उपटेल. उपटल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीत बसली.

"पण ती रोज संध्याकाळी सांगायची," ती म्हणाली, "मॅडम म्हणतात, या खेपेला तू नक्की पास होणार."

मी तिला असं कधीच म्हटलं नव्हतं.