दाराच्या मापाचं घर

संस्कृतीने टेपचं एक टोक चौकटीच्या डाव्या अंगाला धरलं आणि दुसरं बनुबाईंच्या हातात दिलं.

"आजी, घट्ट धरा हं. सोडू नका."

"चौऱ्याऐंशी वरसं धरूनच बसलेय की," असं म्हणत बनुबाईंनी मांडीवरचं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

नगरच्या कॉलेजातून आलेली ही मुलगी दोन दिवस गावातली जुनी दगडी घरं मोजत फिरत होती. ग्रामपंचायत त्या घरांवर पाट्या लावणार होती आणि पाटीवरचा मजकूर तिनेच लिहायचा होता. ओट्यावर बसलेल्या बजरंगला, बनुबाईंच्या साठीतल्या मुलाला, त्याची भारी उत्सुकता.

"आमच्या घराचं काय लिवलंस, ते तर वाच."

संस्कृतीने वही उघडली. "पलीकडच्या तीन घरांना एक पाटी. 'दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या तीन जवानांनी बांधलेली गावातली पहिली दगडी घरं.' आणि तुम्हाला वेगळी. 'शनिशिंगणापूरच्या परंपरेतलं बिनदाराचं घर.' लोक फोटो काढायला थांबतील बघा."

"मंग मी इथं चहाची टपरीच टाकतो."

"तुज्या चहाला शनिमहाराजबी थांबायचे न्हाईत," बनुबाई म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. 'तीन जवान' हे शब्द त्यांनी मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिले.

तेवढ्यात शिंगणापूरकडे निघालेली एक मोटरसायकल थांबली. नवराबायको उतरले. बाईने पिशवीतून बाटली काढून उंबऱ्यावर तेलाची धार धरली. दोघांनी हात जोडले आणि निघून गेले. शनिवार होता, सकाळपासूनची ही चौथी जोडी. उंबऱ्याच्या कडेला ओघळलेलं तेल बनुबाईंनी बोटांनी निपटून पत्र्याच्या डब्यात घेतलं.

"कशाला साठवता?" संस्कृतीने विचारलं.

"लागतं."

मुलगी पुन्हा चौकटीकडे वळली. लाकडावरून हात फिरवता फिरवता तिचं बोट एका जागी थांबलं. मग खाली, मग समोरच्या बाजूला. ती वाकून बघत राहिली.

"आजी, इथं बिजागऱ्यांसाठी खाचा पाडल्यात. चार आहेत. दार लावायचंच नव्हतं, तर खाचा कशाला?"

ऐंशी वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. 'दार का नाही' हे मात्र सगळे विचारत. पहिल्यांदा विचारलं ते एका वाटसरू म्हातारीने. तेव्हा बनुबाई जेमतेम पाच वर्षांच्या होत्या, आईच्या पदराला धरून उभ्या. आई म्हणाली होती, शनिमहाराजांची आज्ञा. म्हातारीने हात जोडले आणि पुढे काही विचारलं नाही. त्या दिवसापासून आईला उत्तर सापडलं. घरधनी कुठं आहेत, पत्र येतं का, पलटणीकडून काही कळलं का, हे सगळे प्रश्न उंबऱ्याबाहेरच थांबले. रात्री आई चौकटीत गोधडी टांगायची आणि सांगायची, "बनू, कुनी इचारलं तर येवढंच सांगायचं."

बनुबाईंनी तेवढंच सांगितलं होतं. घरजावई म्हणून आलेल्या नवऱ्याला, मुलाला, सुनेला. आजही तेच सांगितलं असतं तर आईचा शब्द राहिला असता. पण वडलांचं नाव गावातल्या कुठल्याच पाटीवर आलं नसतं.

त्यांनी हात पदराला पुसले.

"बजरंग, माळ्यावर चढ. गोनपाटात गुंडाळलेलं हाय, ते खाली घे."

"ती पलंगाची फळकुटं? आत्ता?"

"घे म्हनते ना."

बजरंग धापा टाकत एकेक फळी उतरवू लागला. गोणपाट सुटलं. कडुनिंबाची दोन कवाडं होती, काळीभोर, तेलाने तुकतुकीत. एका कवाडावर लहानसं कमळ कोरलेलं. बिजागऱ्यांवर गंजाचा ठिपका नव्हता.

बजरंग कवाडाकडे आणि मग आईच्या हातातल्या तेलाच्या डब्याकडे बघत राहिला.

"माजा बाप, कारभारी नाव त्याचं, सुतार हुता," बनुबाई म्हणाल्या. "पलटनीत गेला तवा आमी झोपडीत ऱ्हात हुतो. पन जायच्या आधी त्यानं चौकट केली, ही कवाडं केली, आन् मायला सांगितलं, ह्या मापानं घर बांध. कवाडं मी आल्यावर बसवीन."

"म्हणजे घर युद्धानंतर नाही बांधलं?"

"चारी घरं लढाई चालू असतानाच उभी ऱ्हायली. चौगी बाया हुत्या. ओढ्यातनं दगड डोक्यावर आनले. आज हिच्या भिताडाला, उद्या तिच्या. नेवाशाचा फक्रुद्दीन गवंडी म्हनायचा, माज्या हाताखाली चार फौजदार हायत. चौघींचंबी ठरलं हुतं. कवाडं ज्याची त्यानं येऊन बसवायची. तिघं आले. तीन घरांना कवाडं लागली."

बजरंगने एक कवाड उचलून चौकटीला लावलं. ते खाचांवर बोटभराचीही फट न ठेवता बसलं.

"आई, बसवू का?" त्याने विचारलं. "मी बसवतो."

बनुबाई बराच वेळ त्या मापाकडे बघत राहिल्या. आईने दगड डोक्यावर घेऊन सांभाळलेलं माप. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं, कुणाचं तरी काम चोख निघाल्यावर पसरतं तसं.

"न्हाई. ठरलंय ते ठरलंय."

संस्कृतीने आधीच्या ओळीवर रेघ मारली. "मग काय लिहू, आजी?"

"चार जवान लिव. चार बाया लिव, माजी माय मनकर्णा पयली. आन् आमच्या घराला लिव," त्या थांबल्या. "कवाड हाय. बसवायचं ऱ्हायलंय."

मुलीने तसंच लिहिलं. बजरंग कवाडं पुन्हा गोणपाटात गुंडाळायला लागला, तसा बनुबाईंनी त्याचा हात धरला.

"वर नको. हितंच भिताडाला टेकवून ठेव. दिसलं पायजे."

"कुनाला?"

बनुबाईंनी डबा जवळ ओढला, चिंधी तेलात बुडवली आणि वरच्या बिजागरीपासून सुरुवात केली.