रोज्यातलं मरण

स्लॅब ओतायला घेतला की मध्ये थांबवत नाहीत; जोडावर भेग पडते. म्हणून बिबवेवाडीच्या त्या इमारतीवर एप्रिलच्या भर दुपारी माझे अब्बा, हुसेन मिस्त्री, काँक्रीट पसरत राहिले आणि तिथेच कोसळले. फाटकावर पाटी होती : उन्हाळ्यात दुपारी काम बंद.

दफनानंतर ठेकेदार संपत कामगार खात्याच्या चौकशीच्या साहेबांना घेऊन घरी आला.

"चाचा रोज्यात होते, साहेब. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. त्यात आमचा काय दोष?"

"शेवटपर्यंत रोज्यात होते," आतून अम्मी म्हणाली. जनाज्याला आलेल्या प्रत्येकाने तिला हेच सांगितलं होतं, रोज्यातलं मरण नशीबवानाला येतं. तेवढ्या आधारावर ती उठत-बसत होती.

अब्बांचा रोजा नव्हता. मधुमेहामुळे डॉक्टरांनी मनाई केली होती. आजाऱ्याला धर्मातही सूट आहे, पण अब्बांना त्या सवलतीची लाज वाटायची. पहाटे ते अम्मीबरोबर सहेरीला बसत. पोळी आणि पाण्याची बाटली मी गुपचूप त्यांच्या पिशवीत ठेवत असे. जेवणाच्या सुट्टीत ते जिन्याखाली जाऊन खात. स्लॅबच्या दिवशी सुट्टी नव्हती.

आणि सोबतची माणसं चांगली होती. मच्छिंद्र मला रडत म्हणाला होता, "चाचांसमोर पाणी प्यायची लाज वाटायची, ताई. पाण्याचं पिंप आम्हीच खाली नेऊन ठेवलं."

पिशवी परत आली तेव्हा बाटली भरलेली होती.

साहेबांनी पेन उघडलं. "मग मृत्यूचं कारण रोजा लिहू?"

मी अम्मीकडे पाहिलं नाही. बाटली आणून त्यांच्यासमोर ठेवली. "त्यांचा रोजा नव्हता. सुट्टी मिळाली असती तर हे पाणी प्यायले असते."

"म्हणजे चाचांनी सगळ्यांनाच फसवलं की!" संपत म्हणाला.

साहेबांनी त्याला हाताने थांबवलं. "ठीक आहे, ऊन लिहितो. पण ताई, ती पाटी म्हणजे सूचना आहे, कायदा नाही. सूचना मोडली म्हणून कुणाला धरता येत नाही."

"मग पाटी लावता कशाला?"

"पाटी लावायची सूचना आहे."

ते चहा न घेता गेले.

संध्याकाळी शेजारच्या अख्तरबानू इफ्तारी घेऊन आल्या. ताट ठेवता ठेवता म्हणाल्या, "नशीबवान माणूस. रोज्यात गेला."

अम्मी माझ्याकडे बघत राहिली.

"हिला विचारा," ती म्हणाली.